अर्धवाहकांच्या परिषदेत पूर्ण वाहक

ती. भावोजींना,

साष्टांग नमस्कार (कोट शेजाऱ्याचा असल्यामुळे मनातल्या मनात घातला आहे, गोड मानून घ्या). तुमची कंबर कशी आहे? इथे तिची फार चौकशी झाली. ताईचा ताप आणि तिचा माझ्यावरचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. मी ठणठणीत आहे. अब्रूचं तेवढं विचारू नका.

तुमच्या लेकीच्या परिषदेची पत्रिका तुम्ही चष्मा सापडत नाही म्हणून वाचली नाहीत. मी चष्मा लावून वाचली, तिथेच घोळ झाला. 'संयुक्त अर्धवाहक एकात्मिक परिपथ : वार्षिक तांत्रिक परिषद' असं छापलं होतं. सत्तावीस वर्षं तुम्ही चालक आणि मी वाहक, अशा माणसाने याचा काय अर्थ लावायचा? संयुक्त, म्हणजे सगळे डेपो मिळून. परिपथ, म्हणजे आपला चार नंबरचा गोल मार्ग. आणि अर्धवाहक, म्हणजे अर्ध्या ड्यूटीचे. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. माझे वडील पूर्ण वाहक, मी पूर्ण वाहक, आणि ही पोरगी बावीस वर्षं शिकून अर्धीच! तरी म्हटलं, आपलं माणूस आहे, गेलंच पाहिजे. कोटाच्या आत जुना गणवेशही चढवला (बटणं अजून लागतात, एक सोडून).

दारात गळ्यात कार्ड अडकवलं आणि मी पहिल्या रांगेत बसलो. पडद्याजवळचा माणूस सांगत होता, की गेट उघडलं की वाहक धावतात, बंद केलं की थांबतात, तरीही गळती होतेच. मी मान डोलावली (गळती कुठल्या डेपोत होत नाही?). पण नखाएवढ्या जागेत असे हजारो गेट बसतात म्हणाला, तेव्हा मी चपापलो. शेजारी बसलेल्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी समजावलं, की वाहक म्हणजे विजेचे कण, आणि अर्धवाहक म्हणजे कधी वीज जाऊ देणारा, कधी अडवणारा पदार्थ. तो गॅलियम नावाचा धातू आणि आर्सेनिक यांचा संसार लावून बनवतात. आर्सेनिक म्हणजे विष, भावोजी! (संसार म्हटला की थोडंफार असायचंच. हे ताईला वाचून दाखवू नका.)

पोरीचा नंबर जेवणाच्या सुट्टीआधी शेवटचा. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. तिच्या आधी एक पांढऱ्या दाढीचे गुरुजी उभे राहिले, ते अठ्ठावीस मिनिटं झाली तरी हलेनात. अध्यक्ष त्यांचेच शिष्य, समोर घंटी असून हात लावायची छाती नाही. पोरगी कोपऱ्यात कागद चुरगळत उभी, तोंड अगदी एवढंसं झालेलं. चार वर्षं राबून केलेलं काम, आणि लोक घड्याळ बघून पोटावर हात फिरवायला लागलेले. मला राहवलं नाही. मी टेबलाशी गेलो आणि घंटी मारली, एकदाच. सवयीने तोंडातून निघालं, "चला, उतरा, शेवटचा थांबा!" गुरुजी खरोखर उतरले (पायरी बघून, असंही मी म्हणालो). पोरगी चढली, आणि मी गाडी सुटायची डबल बेल दिली. पहिल्या वाक्याला अडखळली, मग जी सुटली ती बरोबर चौदा मिनिटांत मुक्कामाला. मला काही कळलं नाही, पण टाळ्या कळल्या. मी रडलो, हेही लिहून टाकतो.

आता हाकलतील असं वाटत होतं, तर उद्यापर्यंतची घंटी माझ्याच ताब्यात दिली आहे. जेवताना गुरुजींनी विचारलं, आपण कुठल्या विद्यापीठाचे? मी म्हटलं, चार नंबर. ते फार आदराने बघायला लागले आहेत.

आपला मेहुणा,
वाहक (पूर्ण)

ता. क. : गळ्यातल्या कार्डाचं सांगायचं राहिलं. त्यावर 'वक्त्याचे वडील' असं लिहिलं आहे. पोरीने ते तुमच्यासाठी करून घेतलं होतं. तुमची कंबर धरली आहे, असं मी तिला सांगितलं. तुमच्या कंबरेला काही झालेलं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. "मला अडाण्याला तिथलं काय कळणार" हे दुखणं कंबरेचं नव्हे.

आणखी एक ता. क. : उद्या, म्हणजे हे पत्र तुमच्या हाती पडेल त्याच दुपारी, तिला पदक देणार आहेत. सभागृहाचं दार उघडलं की ती अजून वळून बघते. हे पत्र आणणारा सकाळच्या गाडीचा चालक उत्तरासाठी थांबणार नाही, तुमच्यासाठी थांबेल. सत्तावीस वर्षं माझी घंटी ऐकलीत की मागे वळून न बघता गाडी काढायचात.

टण टण.