जोनाचं वजन

१० जानेवारी १८३१
मालकांचा माणूस अमॉस बर्टल्स सांगून गेला — एक तारखेला माझ्या कोंबड्याला, जोनाला न्यायला येतो. हवेलीमागच्या झुंजीच्या रिंगणात यंदा परगण्याबाहेरचे कोंबडे येणार म्हणे. मालकांचा कोंबडा कुळाने वाढवायचा, मागतील तेव्हा द्यायचा. घराच्या करारातच अट आहे. ठाऊक आहे मला! पण माझा नवरा थॉमस वारला त्या हिवाळ्यात हे पिल्लू त्याच्या बुटात झोपून जगलं. घरात पुरुष म्हणून आता तेवढाच उरलाय. देणार नाही.

१३ जानेवारी
शेजारची डॉर्कस हसली. "अगं, कोंबडा तो! माझाही नेणारच आहेत. मी बसलेय का रडत?" काळीज आहे की दगड!
पण तिच्याच तोंडून कळलं — जोड्या वजन जुळवून लावतात. फार जड असेल तो बाद. बास!

१४ जानेवारी
चरबीत कालवलेलं सातूचं पीठ. पोटभर.

२२ जानेवारी
आता लोणीही. माझा पाव कोरडा. जोना कुंपणावर उडायला गेला आणि आपटला. वा!

१ फेब्रुवारी
अमॉसने उचलला आणि ओरडला, "हेस्टरबाई, कोंबडा आहे की डुक्कर?" मी तोंड पाडून उभी. मनात उकळ्या फुटत होत्या.
तो मात्र हसत टोपलीचं झाकण लावू लागला. "शेवटच्या झुंजीत वजन बघत नाहीत. मालक असाच धिप्पाड शोधत होते!"
माझ्याच हाताने घास भरवून पाठवला मी त्याला! रडून झालं. आता पुरे.

१५ फेब्रुवारी
विणकाम घेतलं आणि झुंजीला गेले. तिकडे बाईमाणूस फिरकत नाही. शेवटची झुंज पुकारली, तशी रिंगणाच्या मधोमध जाऊन बसले आणि मोजा विणू लागले. पाहुणे खिदळले. "नवरा आहे का गं तो तुझा?" मग मालक आले.
"बाई, उठा."
"जोना द्या, उठते."
"कोंबडा नेलात तर घर सोडावं लागेल."
"सोडते."
इतक्या पटकन म्हणाले की माझी मीच दचकले. जोनाच्या पायांना बांधलेले पोलादी काटे अमॉसने मान खाली घालून सोडले.

१८ फेब्रुवारी
डॉर्कसचा जिंकला. एक डोळा गेला. ईस्टरला पुन्हा नेणार. डॉर्कस म्हणते, "कोंबड्यापायी घर घालवलंस, वेडे!"

२४ मार्च
गाडी भरली. उद्या बहिणीकडे, लडलोला. थॉमसचे बूटही घेतले. भीती वाटते. डॉर्कस निरोपालाही आली नाही.

२५ मार्च
गाडी निघता निघता डॉर्कस धावत आली. शालीखाली काहीतरी फडफडत होतं. "आणखी एका टोपलीला जागा आहे का गं? लांब लांब ठेव दोघांना. भांडतील."