वर्तुळाच्या आतली जागा

मंगळवार, ४ मार्च

ग्रॅहमने आज मीटिंग संपल्यावर मला थांबवलं. बॉसने थांबवलं की मला आधी स्वतःची चूकच आठवते. पण त्याने नकाशा पसरला. "मयूरा, यू आर अ वूमन," म्हणाला. म्हटलं, बरं झालं सांगितलंस.

प्रकरण असं आहे — पुढच्या वर्षी आमची खाण ज्या पट्ट्याखालून जाणार आहे, त्याच्या वर इथल्या मूळ रहिवासी ॲबोरिजिनल बायकांची एक पवित्र जागा आहे. पुरुषांनी तिथे जायचं नाही, काय आहे ते विचारायचंही नाही. खालचा कोळसा काढला की वरची जमीन खचते, खडक तडकतात. म्हणून त्यांचा समाज आणि कंपनी यांच्या संयुक्त समितीने नकाशावर एक मोठं वर्तुळ काढलंय. जागा याच्या आत कुठेतरी. नेमकी कुठे, ते नाही सांगणार. वर्तुळाखाली खोदायचं नाही आणि दोन्ही बाजू 'हो' म्हणाल्याशिवाय ते लहानही करायचं नाही. कंपनीचा निम्मा पट्टा त्यात जातोय. कुणीतरी जाऊन मोजलं तर बराचसा सुटेल. पण मोजणार कोण? आमचे खडकांचे इंजिनिअर सगळे बाप्ये. मी सोडून!

गुरुवार, ६ मार्च

समितीतल्या आन्टी मर्लला भेटले. वडीलधाऱ्या बाईला हेही आन्टीच म्हणतात, आपल्यासारखंच. बारीक आवाज, पण बोलायला लागली की ग्रॅहमसुद्धा पेन खाली ठेवतो.

तिची अट साधी आहे. पहिल्या फेरीत नुसतं बघायचं. दुसऱ्या फेरीत मोजायचं. मग समितीला एकच आकडा द्यायचा — किती अंतरावर थांबायचं. तिथे काय आहे, कसं आहे, एक अक्षर नाही. "नॉट टू युअर बॉस, लव्ह. नॉट टू युअर हजबंड." म्हणजे उत्तर द्यायचं आणि रीत दाखवायची नाही. पुण्यात आमच्या सरांनी भोपळा दिला असता.

पण काय असेल? गुहा? चित्रं? नुसतंच एखादं झाड? ऑफिसात तीनदा नकाशा उघडला. सुमनमावशीच्या गावच्या देवराईतून वाळकी काटकीसुद्धा आणायची नाही. का, असं मी विचारलं होतं. "नाही आणायची म्हणजे नाही आणायची," मावशी म्हणाली. त्या उत्तराने माझं समाधान आजतागायत झालेलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

उद्या! बूट पुसून ठेवलेत.

बुधवार, १२ मार्च

जाऊन आले. आन्टी मर्ल, तिच्या दोघी बहिणी आणि मी. मोजायचं काही आणू नकोस असं बजावलं होतं, त्यामुळे हात नुसते शिवशिवत होते. गाडी ठेवून झाडीतून बरंच चाललो. वाटेत तिघींचं आपसात चाललेलं — कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं. मग एका ठिकाणी थांबल्या. मी बूट काढायला वाकले तर तिघी हसायला लागल्या. "पायात राहू देत, लव्ह. साप आहेत."

"हॅव अ गुड लुक," आन्टी म्हणाली, आणि थर्मासमधून चहा ओतायला लागली.

पुढचं इथेही लिहिणार नाही. शब्द म्हणजे शब्द, वहीलासुद्धा नाही. एवढंच, की मला भरून आलं. असं इथे या देशात पहिल्यांदाच झालं.

शुक्रवार, १४ मार्च

माझ्या पोटात काही राहत नाही.

जेवताना मिहिर म्हणाला, "परवापासून गप्प आहेस. काय झालं?" नवरा आहे, त्यातून भूल देणारा डॉक्टर, त्याला खाणीशी काय घेणंदेणं? "तुला म्हणून सांगते," म्हटलं, आणि एकच गोष्ट सांगितली — तिथे वाहतं पाणी आहे. बस. कुठे, कसं, काही नाही. त्याने "अच्छा" म्हटलं आणि आमटी वाढून घेतली. एवढंच तर.

आणि हे बघ, वही, तुलाही सांगून टाकलं.

शनिवार, १५ मार्च

गिरावीनला विक्रांतकडे होळीचं जेवण. मिहिरचा युनिव्हर्सिटीपासूनचा मित्र, आता आमच्याच कंपनीच्या पॅरामॅटाच्या ऑफिसात. पुरणपोळ्या विकतच्या, पण कटाची आमटी फर्स्टक्लास. विक्रांत कानाशी येऊन विचारतो, "काय गं, काय आहे तिथे? सोनं?" म्हटलं, "गप पुरणपोळी खा." तो हसत मिहिरकडे बार्बेक्यूपाशी गेला.

घरी येईपर्यंत स्वतःचं कौतुक वाटत होतं.

गुरुवार, २० मार्च

आन्टीचा मेसेज. दुसरी फेरी पुढल्या शनिवारी, २९ला. आता मोजमापाचं सगळं आणायला परवानगी!

मंगळवार, २५ मार्च

समितीची बैठक. ग्रॅहमच्या तिसऱ्या स्लाइडवर ओळ होती — जागेवरचं वाहतं पाणी आटू नये म्हणून कंपनी काय काय करील.

आन्टीने चष्मा लावला. "कुठलं पाणी?"

"पॅरामॅटाहून कळलं," ग्रॅहम म्हणाला. त्याला बिचाऱ्याला आपण समजूतदारपणा दाखवतोय असंच वाटत होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर परवडलं असतं. मग चष्मा काढला आणि पुढचा विषय घ्या म्हणाली.

घरी आल्या आल्या मिहिरला विचारलं. "अगं, विक्रांतला म्हणून सांगितलं. तो कुणाला सांगणार नव्हता." भांडायला मला तोंड कुठे होतं? सुरुवात माझीच. इतकी शरम वाटतेय की जेवणही गेलं नाही.

बुधवार, २६ मार्च

आन्टी मर्लचा फोन आला. शनिवारी यायचं नाही. त्यांची बाजू 'हो' म्हणणार नाही, वर्तुळ आहे तसंच राहील. मी सॉरी म्हटलं, दोनदा.

"नो वरीज, लव्ह," म्हणाली. "ते पाणी आहे ना, तिथे आम्ही चहाला थांबतो. शनिवारी तुला पुढे नेणार होतो."