साडेसात भेटींचा ऋणनिर्देश

१४ ऑक्टोबर, गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप वहिनी यांना साष्टांग नमस्कार.

आठ महिने पत्र नाही, याबद्दल आधी माफी मागतो. कामात होतो असे लिहिणार होतो. पण डायरी चाळली तर या आठ महिन्यांत 'आज काहीच केले नाही' अशा एकतीस नोंदी निघाल्या, त्यामुळे ते कारण बाद झाले. दादाचा गुडघा कसा आहे? जिना चढू नको म्हटले की तो मुद्दाम चढतो, तेव्हा आता चढ म्हणून सांगून पाहा. तुमची दाढ काढल्याला पाच वर्षे झाली, शेजारच्या दाढेने उचल खाल्ली नाही ना? इकडे आम्ही दोघे ठीक. हिची तब्येत उत्तम आहे आणि माझ्याविषयीचे मत पूर्वीचेच आहे. फेब्रुवारीत तुमचे कार्ड आले होते, 'चौथे प्रकरण वाचले, दातांच्या दवाखान्याची आठवण झाली' असे. एवढ्या कौतुकाला मी उत्तर धाडले नाही, हे वाईटच झाले.

आता मुख्य बातमी. माझा प्रबंध विद्यापीठ पुस्तकरूपाने छापत आहे. (माणसे वाट कशी बघतात, हा विषय तुम्हाला ठाऊकच आहे. त्यासाठी मी पाच वर्षे दवाखाने, बँका आणि कचेऱ्यांतल्या बाकांवर बसलो. 'रिकामटेकड्यांवर रिकामटेकड्याने केलेले संशोधन' हा दादाचा शेराही मी तारीख घालून टिपून ठेवला आहे.) वर्षाला दोनच प्रबंध निवडतात, त्यांत माझा आला. सेहेचाळिसाव्या वर्षी पहिले पुस्तक निघणार म्हणून मी घरात जरा ताठ चालू लागलो होतो, तेवढ्यात ऋणनिर्देशाचे पान आडवे आले.

पुस्तकाच्या सुरुवातीला सगळ्यांचे आभार मानायचे असतात. प्रकाशन विभागाकडे त्याचा छापील नमुना तयार आहे: आधी कुलगुरू, मग अधिष्ठाता, मग मार्गदर्शकांचे 'अमूल्य मार्गदर्शन', आणि शेवटी 'ज्ञात-अज्ञात सर्व'. जागा मोकळ्या सोडलेल्या, आपण नावे भरायची. तीन वर्षांपूर्वी एका संशोधकाने त्या न भरताच नमुना दिला, आणि 'माझे मार्गदर्शक डॉ. टिंब टिंब टिंब यांचा मी आजन्म ऋणी आहे' असे छापूनही आले. अजून कुणाच्या लक्षात आलेले नाही. (त्या मार्गदर्शकांच्याही नाही.)

तुम्ही मला ओळखता. पाचशे पाने खरे लिहायचे आणि पहिल्याच पानावर खोटे बोलायचे, हे मला जमेना. मी अकरा डायऱ्या काढल्या आणि मोजून आभार मानले. मार्गदर्शकांबद्दल लिहिले की त्यांच्या एकोणीस भेटी ठरल्या, साडेसात झाल्या. (अर्धी भेट जिन्यात झाली, ते उतरत होते, मी चढत होतो. ती धरावी की नाही यावर मी दोन दिवस घालवले.) तिसऱ्या भेटीत त्यांनी दुसरे प्रकरण कंटाळवाणे आहे असे सांगितले, ते खरे होते, त्याबद्दल मनापासून आभार. कुलगुरूंचे आभार नाहीत, कारण त्यांनी काही केलेले नाही. पुढे पत्नी. तिने प्रबंधाचे एकही पान वाचले नाही आणि त्यामुळे घरात शांतता राहिली, म्हणून तिचे विशेष आभार. तिला दाखवले तर म्हणाली, "बघा, मी काही न करता तुमच्या सरांच्या वर गेले."

प्रकाशन विभागात एक बाई आहेत. त्या येणाऱ्या प्रत्येक कागदाला टाचणी लावतात, म्हणून सगळे त्यांना टाचणीबाई म्हणतात. त्यांनी माझे पान वाचले, टाचणी लावली आणि परत दिले. "सर, नमुन्याप्रमाणे लिहून आणा. ते पान कुणी वाचत नाही हो." मी म्हणालो, "कुणी वाचत नसेल तर बदलायचं कशाला?" यावर त्यांनी मला विभागप्रमुखांकडे पाठवले. तिथे मार्गदर्शक आधीच चहा घेत बसले होते आणि साडेसात नव्हे, निदान आठ तरी भेटी झाल्याच, असे सांगत होते. विभागप्रमुख म्हणाले, पान बदला, नाहीतर पुस्तक राहू द्या, रांगेत पुढचा प्रबंध तयार आहे. वहिनी, माझ्या तोंडातून निघाले ते भलतेच. मी म्हणालो, एक आकडा खोटा दाखवा, सगळे पान फाडतो. नाही दाखवता आला तर जसे आहे तसे छापा.

मार्गदर्शकांनी आठवी भेट म्हणून पाच वर्षांपूर्वीची एकोणीस जून ही तारीख सांगितली. परवा मी त्या दिवसाचे डायरीचे पान झेरॉक्स करून दिले. पहिल्याच ओळीत होते, 'सरांची भेट रद्द. शिपायाने सांगितले, सर गावाला गेले.' सर चहा अर्धा टाकून उठले. विभागप्रमुखांनी ऋणनिर्देशाच्या पानावर सही केली. यापुढे एकही अक्षर बदलणार नाही, बदल मागितल्यास निवड रद्द समजावी, असे त्यांनी माझ्याकडून लेखी घेतले; तेही मी छाती काढून लिहून दिले. लोक काय म्हणायचे ते म्हणोत. माझे पुस्तक निघेल ते खऱ्या पानाने निघेल, आणि त्या पानाचा कानामात्राही कुणाच्या बापाला हलवता येणार नाही.

दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा दीर

ता.क. एक गोष्ट वर लिहिली नाही. काल टाचणीबाईंनी त्या झेरॉक्सला टाचणी लावता लावता ती पूर्ण वाचली. (मी पहिल्या दोनच ओळी वाचल्या होत्या. भांडायला तेवढ्या पुरेशा होत्या.) भेट रद्द झाली म्हणून त्या दिवशी मी तुमच्याबरोबर दातांच्या दवाखान्यात आलो होतो. खाली तुमचे बोलणे लिहिले आहे: "भाऊजी, पुढे किती आहेत ते मोजू नका. मागे किती आलेत ते बघा, धीर त्यानंच येतो." टाचणीबाई म्हणाल्या, "सर, हे तर तुमच्या चौथ्या प्रकरणातलं. परीक्षकांनी वाखाणलेलं तेच ना?" मी हो म्हणालो. "मग वहिनींचे आभार कुठल्या पानावर?"

घरी येऊन जुने मसुदे काढले. पहिल्यात 'वहिनी म्हणाल्या' असे आहे. दुसऱ्यात 'एक महिला म्हणाली'. तिसऱ्यात 'असे दिसून येते'. माझ्याच हस्ताक्षरात तुम्ही तीन पायऱ्या उतरून घराबाहेर गेलात आणि मला कळले नाही. तुमचे कार्ड कशाबद्दल होते, तेही कालच कळले.

तुमच्या नावाने ते वाक्य छापायला परवानगी हवी आहे. उत्तर येईपर्यंत पान मी माझ्याकडे ठेवीन. माझ्या मागे एक प्रबंध उभा आहे हे माहीत आहे, पण या खेपेला त्याने धीर येत नाही.

ता.क. २. दाढ उजवी होती की डावी? डायरीत नाही. तेही कळवा, खरे लिहायला हवे.

आजच्या डायरीत एवढेच लिहिले आहे, उद्याचे काम: टाचणीबाईंकडून ऋणनिर्देशाचे पान परत मागणे.