मिटणारी पाती

नोव्हाय, मिशिगन

प्रिय बाबा,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? फोन आई स्पीकरवर ठेवते, म्हणून पत्र.

ईशिताने धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायचं लायसन काढलंय, हे तुम्हाला एकट्यालाच सांगितलं होतं. बाणाच्या टोकाला दोन प्रकारची पाती मिळतात. एक पक्की बसवलेली, दुसरी मिटलेली, हरणाला लागल्यावरच उघडणारी. ती म्हणाली, “बाबा, यू आर द इंजिनियर, तूच सांग.” मी फोमच्या ठोकळ्यावर पन्नासदा बाण मारून पाहिले आणि ऐटीत मिटणारी घ्यायला लावली.

कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये तुम्ही पोरांवर ओरडायचात, हलणारे भाग कमी करा म्हणून. मला ते आठवलंसुद्धा नाही. फोमला हाड नसतं, हेही सुचलं नाही.

शनिवारी सकाळी बाण हरणीच्या खांद्यावर तिरका बसला. पाती उघडलीच नाहीत. रक्ताचे ठिपके शोधत आम्ही सहा तास चाललो, मग ठिपकेही संपले. माझे पाय अजून दुखतायत. गाडीत बसल्यावर ईशिता एवढंच म्हणाली, “शी इज स्टिल वॉकिंग, बाबा.”

काल पक्की पाती आणून दिली. पाकीट तसंच पडलंय.

आईला यातलं काही सांगू नका. बापलेकी दिवसभर जंगलात फिरलो, एवढंच तिला माहीत आहे. बरं झालं, म्हणाली, तेवढाच पोरीला तुझा सहवास.

तुमचा,
शिरीष