दादाच्या खात्यातली की

४ मार्च
पंखा घुरघुरत होता म्हणून कॉम्प्युटरला अपडेट दिला. दुपारी निळा पडदा! 'ड्राइव्ह लॉक आहे, रिकव्हरी की टाका.' कसली की? मी कधी लॉक केला? युनिफॉर्मचं कापड बेतायला मी काढलेले सगळे पॅटर्न आत आहेत, एकूण एक साइझचे. कटिंग मास्तर दहा तारखेला कापड अंथरणार.

५ मार्च
बंद कर, चालू कर — तोच निळा पडदा. नवऱ्याचा सल्ला, "फॉरमॅट मारून टाक." जणू भाजीची पिशवी झटकायची आहे! बॅकअप आहे की. त्याच ड्राइव्हवर, 'बॅकअप' नावाच्या फोल्डरमध्ये. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

६ मार्च
दुरुस्तीवाला आला. तोंडात स्क्रू धरून बोलतो, निम्मं कळत नाही. कळलं ते एवढंच — ड्राइव्ह एन्क्रिप्ट झालेला आहे, की असल्याशिवाय कुणाचा बापही उघडू शकणार नाही. आणि ज्याने मशीनवर पहिल्यांदा लॉगइन केलं, त्याच्या खात्यात की असते. "लावून कुणी दिलं होतं, मॅडम?"

दादाने.

आई गेली तेव्हा हा ऑफिसात अडकून पडला, दुसऱ्या दिवशी उगवला. मी चारचौघांत सुनावलं. तेव्हापासून अबोला. आता जगात एवढी माणसं, आणि की नेमकी याच्याकडे!

७ मार्च
मास्तरांचा फोन. "ताई, पॅटर्न कधी पाठवताय?"
"पाठवते," म्हणाले. धडधडीत खोटं. हे काम हुकलं तर ते पुन्हा माझ्याकडे येणार नाहीत. नवरा म्हणाला, "दादाला मी फोन करू का?" त्याच्यावरच खेकसले. दिवसभर नुसती येरझार. जेवणही जात नाही.

८ मार्च
केला फोन. "हं, बोल," म्हणाला, जणू काल भेटलो होतो. सगळं सांगितलं. की त्याला लगेच सापडली. आणि म्हणतो काय — "फोनवर सांगणार नाही. मेसेजवर तर नाहीच. की अशी कुणालाही द्यायची नसते." कुणालाही! सख्ख्या बहिणीला! ऑफिसात सगळ्यांना हाच नियम शिकवतो म्हणे. "उद्या येतो," म्हणाला आणि ठेवला. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

९ मार्च
आला. केस पांढरे झालेत त्याचे. की टाइप करताना मला मागे सरकायला लावलं — माझ्याच घरात! पण उघडलं. सगळे पॅटर्न जागच्या जागी. रडू येत होतं, त्याच्यासमोर आवरलं. मास्तरांना लगेच पाठवून दिले.

तो अजून खुडबुडत होता. काय करतोयस, विचारलं.

"की तुझ्या खात्यात ठेवली. माझ्याकडची काढून टाकली. आता अडलं तरी मला फोन करायला नको."

रागाने नाही म्हणाला. माझी सोय बघत होता. चहाला आधण येईपर्यंत त्याने बूटही घातले. गेल्यावर फार वाईट वाटलं.

११ मार्च
कापड कापून झालं, मास्तर खूश. कॉम्प्युटर छान चालतोय. दादाला फोन करायला काही कारण उरलेलं नाही.

केला.

"आता काय बिघडलं?" त्याने विचारलं.

काही नाही, म्हटलं. आणि दोघंही फोन धरून बसलो.