गंजाचे हात

१२ जुलै १९६६

परत गंज! काल संध्याकाळी जॉबचा लोखंडी तुकडा कानसून, घासून असा लखलखीत केला होता की त्यात नाक दिसावं. सकाळी कपाट उघडलं तर त्यावर तांबडे डाग. गजानन मिस्त्रींनी सगळ्यांपुढे उचलून धरला. "माप बरोबर हाय. पण तुझ्या हातातनं मीठ गळतंय रे! एकेकाचा घामच तसा. त्याला दवा नाय."

शेजारी भास्करचा जॉब. स्वच्छ! उमेदवारी दोघांची, पुढे फिटरची जागा एकच. मला काय ते कळलं.

१५ जुलै

तुरटीच्या पाण्यात हात बुडवून गेलो. आईने वर हळद चोळली — दिवसभर वर्कशॉपात "नवरदेव, नवरदेव"! जॉब गंजला तो गंजलाच. मला हसताही येईना.

१९ जुलै

भास्कर मात्र जिवाला जीव देतो. खानदेशातून एकटा आलाय, पलीकडच्या अथाल गावात राहतो, तिथून चालत येतो बिचारा. सुटायच्या वेळी माझ्या हातातून जॉब काढून घेतो. "तू नको हात लावू भाऊ. मी मारतो ना तेलाचं फडकं." तोच पुसतो, तोच कपाटात ठेवतो. सख्खा भाऊ एवढं करणार नाही. तरी सकाळी डाग! म्हणजे दोष हातांचाच. हात कुठे बदलून आणू?

२८ जुलै

जेवताना अण्णा पुन्हा सुरू — "कचेरीत कारकून हवाय. शाळेत मास्तरकी करायला मी राजापूर सोडून इथे सिल्वासात आलो, ते तू लोखंड घासावंस म्हणून नव्हे."

मी म्हटलं, मला यंत्रं आवडतात.

"यंत्रांना तू आवडायला हवास ना!"

अण्णांचा रागही आला नाही. खरंच बोलले. न्हाणीघरात जाऊन रडलो.

४ ऑगस्ट

रस्त्याच्या रोलरचं बेअरिंग नुसतं हातात घेतलं. मिस्त्रींनी काढून घेतलं. ओरडले नाहीत, हळूच काढून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

८ ऑगस्ट

सोडलं. साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी एकदा माझ्या हातांकडे पाहिलं आणि मान हलवली.

निघताना आजचा जॉब खिशात टाकला. तेवढीच आठवण! भास्करने हात पुढे केला — "दे, पुसून देतो." म्हटलं, राहू दे रे, आता कशाला! त्याने मान वर केली नाही. त्यालाही वाईट वाटलं असणार.

२९ ऑगस्ट

अण्णांनी चिकटवलं कचेरीत. आवक-जावक, आवक-जावक! पंख्याने कागद उडतात म्हणून जॉब वर ठेवतो. उगाच चाळा लागलाय, दिवसभर हातात फिरवत बसतो.

१४ सप्टेंबर

भास्कर कायम झाला! घरी पेढे घेऊन आला होता. मिठी मारली त्याला. निदान दोघांपैकी एकाचं तरी झालं. आईने दोनदा चहा केला त्याच्यासाठी.

१५ सप्टेंबर

आज जॉब खिडकीशी उजेडात धरून पाहिला. महिनाभर माझेच घामट हात, हा असा पाऊस, तेलाचा थेंब नाही — आणि एक डाग नाही. नाक दिसतंय!

याला फक्त भास्करचं फडकं लागलेलं नाही.

त्याचा एक पेढा अजून डब्यात आहे.