सटवाईचा कोरा कागद

दाजी,

तुम्ही आता रेल्वेत असाल. आप्पांनी फोनवर "साक्षी आजारी हाय, रजा टाकून या" एवढंच सांगितलं. खरं हे आहे, की साक्षीताई काल गेली. बाळ सुखरूप आहे.

सांगलीत विश्रामबागच्या आरोग्य खात्याच्या ऑफिसातून मी रोज बाळंतिणींना फोन करते. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबू नका, दवाखाना गाठा, असं सांगते. काल कुंडलला माहेरी आले, तर ताईला दोन्ही होत होतं. रक्तदाब मोजला, तो भलताच चढला होता. मी लगेच गाडी बोलावली.

आई दारात आडवी उभी राहिली. "आज पाचवी हाय. सटवाई बाळाचं नशीब लिवायला येणार, अन् बाळंतीण उंबरा वलांडणार व्हय? पूजा झाली की ने."

ताई हसली. "क्रांते, पदवी घेतल्यापासनं लय भ्या दावतीस गं. दिवा लागू दे, मग जाऊ."

दिवा लागला आणि ताईला झटके यायला लागले. सांगली येईपर्यंत ती उरली नाही.

आई सारखी विचारते, "सटवाईनं असं कसं लिवलं गं?" मी बाळाचं दुपटं बदलते.

देवीने लिहावं म्हणून पाटावर ठेवलेला कागद कोराच राहिला होता. त्यावरच हे लिहिलं आहे. तुम्हाला मात्र देणार नाही. बाळाला आता माझ्या आईच्याच मांडीवर वाढायचं आहे.

तुमची मेहुणी,
क्रांती